मीपण, मी पण

सकाळच्या लोकलमध्ये तिघींच्या बाकावर आम्ही चौघी बसलो होतो. चौथी मी. चौथ्या सीटवर बसणं म्हणजे एका मांडीनं टेकणं. उरलेला देह पायांवर आणि देवावर. पलीकडे खिडकीशी माझी भाची, डोंबिवलीला उडी मारून जागा पटकावणारी. तिच्या हातात माझा एक कागद होता आणि ती तो परीक्षेची उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचत होती.

दर मार्चमध्ये आमच्या ऑफिसात एक फॉर्म भरावा लागतो. वर्षभरात तुम्ही काय काय केलंत ते तुम्हीच लिहायचं आणि स्वतःला गुणही तुम्हीच द्यायचे. मी आधी मराठीत कच्चं लिहून घेते, मग त्याचं इंग्रजी करते. कच्च्या कागदावर असं होतं : ‘थकीत प्रकरणांचा निपटारा करण्यात आला. नव्या सहकाऱ्यांना कामाची माहिती देण्यात आली. वर्षअखेरीचं काम वेळेत पूर्ण झालं.’

भाचीनं मान वर केली. मधल्या दोघींच्या मांडीवरून वाकून म्हणाली, “मावशी, यात तू कुठे आहेस?”

मी म्हटलं, “हे सगळं मीच केलंय की.”

“मग तसं लिही ना.”

मधल्या दोघींपैकी एक हसली. ऑफिसात जाणारी होती तीही. तिचाही फॉर्म असणार.

खरं तर निपटारा करण्यात वगैरे आला नव्हता. मी केला होता. फेब्रुवारीत तीन आठवडे रात्री आठपर्यंत बसून, फायलींवरची धूळ पुसत, घरी फोन करून ‘कुकर लावून ठेव’ सांगत. पण हे लिहायला हात धजत नाही. आपल्या भाषेत कर्ता लपवायची सोयही किती छान. ‘झालं हो कसंबसं.’ ‘होऊन गेलं एकदाचं.’ साठ पुरणपोळ्या लाटून उठलेल्या बाईला कुणी ‘छान झाल्यात’ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं : ‘जरा जाडच झाल्या यंदा.’ त्या झाल्या. तिनं केल्या नाहीत. आणि समजा हिय्या करून म्हटलंच ‘मी पोळी केली’, तरी त्या वाक्यातलं क्रियापद बघतं पोळीकडे. पोळी केली, लाडू केला, पुरण केलं. करणारी बाई असो की बुवा, एक असो की दहा, क्रियापदाला काही सोयरसुतक नाही. शाळेत हे शिकताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ठाणं येईपर्यंत भाचीनं इअरफोनचं एक टोक माझ्याकडे पाठवलं. मधल्या दोघींच्या गळ्यावरून वायर गेली, त्यांनी ती चालवून घेतली. “ऐक,” ती म्हणाली. “माझ्या जन्माच्या आधीचं आहे. तुझ्या काळातलं.”

‘लेडीज फर्स्ट’. १९८९ सालचं गाणं, क्वीन लतीफा आणि मोनी लव्ह या दोघींचं. गाणं म्हणायचं ते सवयीनं. यात गाणं असं थोडंच आहे, बोलणंच आहे, पण ठेक्यावर चढवलेलं. रॅप माझ्या कानाला फार सरावाचा नाही आणि पहिल्या खेपेला त्यातले निम्मे शब्द निसटले. आवाज मात्र लगेच वेगळे झाले. एकीचा जात्यासारखा, जड, गोल, घाई नसलेला. दुसरीचा तापल्या तेलातल्या मोहरीसारखा, तडतड उडणारा. जात्याचा आवाज लतीफाचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीची ती. मोहरी म्हणजे मोनी लव्ह, थेट लंडनची. दोघी तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. माझ्या भाचीहून लहान.

आणि बोलतात काय? स्वतःची तारीफ. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. माझे शब्द असे, माझा ताल तसा, माझ्यापुढे टिकायचं तर जपून या. बायकांना हे जमायचं नाही असं म्हणणारा आंधळाच असला पाहिजे. आणि वर, ज्या नव्या पिढीच्या तुम्ही गोष्टी करता तिला जन्म देणाऱ्या आम्हीच की. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही, मागणी नाही. ताठ पाठीनं केलेली शुद्ध बढाई. त्या रात्री घरी मी ते पुन्हा लावलं, कणीक मळता मळता, आणि लक्षात आलं की या गाण्यात ‘मी’ इतक्या वेळा येतो की मोजायचं सोडून द्यावं.

लतीफाचं खरं नाव डेना ओवेन्स. लतीफा हे नाव तिनं आठ वर्षांची असताना नावांच्या एका पुस्तकातून उचललं. अरबी नाव, अर्थ नाजूक, मृदू, कोमल. आपल्याकडे हिंदीतून ‘लतिफा’ म्हणजे विनोद, चुटका, असं कानावर असतं म्हणून मला आधी गंमत वाटली. कोमल हे नाव आठव्या वर्षी निवडलं आणि त्याच्या पुढे ‘राणी’ लावली ती नंतर, माईक हातात आल्यावर. कुठल्या राज्याची राणी? नेवार्कच्या आसपास वाढलेली मुलगी, पोलिसाची लेक. राज्य कुठलंच नव्हतं. राज्य नाही म्हणूनच पदवी स्वतःची स्वतः घ्यावी लागली असणार.

रॅप करणारा आपल्या कडव्यात आपलं नाव गुंफतोच. मी कोण, कुठली, हे सांगितल्याशिवाय त्याचं कडवं संपत नाही. नवख्या कानाला हा उर्मटपणा वाटतो. मला मात्र तो ओळखीचा वाटला, कारण आपल्या अभंगातही तेच असतं. तुका म्हणतो, नामा म्हणतो, एका जनार्दनी येतो. पोवाड्याच्या शेवटीही शाहीर आपलं नाव ठोकून जातो. नाममुद्रा म्हणतात तिला. म्हणजे जागा तीच, कारागिरी तीच. आमची जनाबाई त्या जागेवर स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, आणि ही एकोणीस वर्षांची पोर त्याच जागेवर राणी म्हणवते. कितीतरी दिवस मी या दोघींना शेजारी शेजारी बसवून बघत होते. जनी आपलं नाव अभंगाअभंगात टाकते, सहसा चुकत नाही, यात नम्रता किती आणि ‘हे मी रचलंय, लक्षात ठेवा’ किती, हे आता मला पूर्वीसारखं खात्रीनं सांगता येत नाही. दासी म्हणवून का होईना, सही तिनं केली.

मीपणा सोडा, असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं. चांगलंच आहे ते. पण सोडायला आधी हातात असावं लागतं. ज्यांच्याजवळ मीपणाची कोठारं भरलेली त्यांच्यासाठी तो उपदेश होता. तो आमच्या आज्यांनी जास्त मनावर घेतला, ज्यांच्या नावावर घरातलं तांब्याचं भांडंसुद्धा नव्हतं. भांड्यावर नाव घालायचं ते नवऱ्याचं.

‘लेडीज फर्स्ट’चा व्हिडिओ मी नंतर पाहिला. फॅब फाइव्ह फ्रेडीनं दिग्दर्शित केलेला. सुरुवातीला काळ्या बायकांचे जुने फोटो येतात : गुलामांना रातोरात सोडवून नेणारी हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, अँजेला डेव्हिस, विनी मंडेला. मग दक्षिण आफ्रिकेतली खरी दृश्यं, पोलीस, पळणारी माणसं. आणि या सगळ्यांच्या मधे लतीफा एका मोठ्या नकाशापुढे उभी, सेनापतीसारखी. नकाशा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा. त्यावर गोऱ्यांच्या छोट्या मूर्ती मांडलेल्या आहेत. ती त्या हटवते आणि त्यांच्या जागी वळलेल्या काळ्या मुठी ठेवते. हे १९८९ सालचं. नेल्सन मंडेला अजून तुरुंगात होते. सुटले ते पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत. शब्दांत तर दक्षिण आफ्रिकेचं नावही नाही. शब्दांत फक्त बढाई. चित्रात त्या बढाईचा पत्ता दिलाय : ही एकटीच्या बळावर बोलत नाही, मागे बायकांची रांग उभी आहे, आणि पुढ्यात अजून जिंकायचं काहीतरी पडलंय.

बढाई आणि बाता यात हाच फरक असावा. बाता मारणारा फक्त स्वतःपुरता फुगतो.

पण मला राहून राहून नावाची गंमत वाटते. लेडीज फर्स्ट! हे शब्द मी आयुष्यभर पुरुषांच्या तोंडून ऐकले. लग्नाच्या बुफेत प्लेटांपाशी, लिफ्टच्या दारात. म्हणताना चेहऱ्यावर केवढं औदार्य. लतीफानं ते औदार्य त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः म्हटलं. दिलेली पहिली जागा आणि घेतलेली पहिली जागा, शब्द तेच.

आमच्या वाईच्या घरी लेडीज लास्ट होत्या. गौरीजेवणाला माणसं साठ-सत्तर. पहिली पंगत ब्राह्मण-पाहुणे आणि घरातल्या पुरुषांची, दुसरी मुलांची आणि दूरच्या बायकांची, तिसरी घरातल्या बायकांची. गौरी म्हणजे लेकी, माहेरवाशिणी. त्यांच्या नावाचं जेवण, आणि जिवंत लेकी-सुना तिसऱ्या पंगतीला. तोवर दुपारचे साडेतीन झालेले असायचे. भाजी तळाशी गेलेली, भजी मऊ पडलेली, कटाच्या आमटीत एकदा पाणी घालून ती वाढवलेली. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दुसऱ्या पंगतीत जेवून तिसऱ्या पंगतीला मीठ वाढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला तिथे थांबता यायचं.

त्या पंगतीत कुणी वाढायला वाकत नसे. भांडी मधेच ठेवलेली, हातानं घ्यायचं. दार लोटलेलं. पदर खांद्यावरून खाली आलेले, पाय पसरलेले. एका वर्षीची गोष्ट मला जशीच्या तशी आठवते. आत्यानं आमटीचा भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आजच्या कटाला माझा हात लागलाय, म्हणून पुरुषमंडळी तीनतीनदा मागत होती.”

सकाळपासून हीच आत्या आल्या-गेल्याला सांगत होती, ‘आमटी काही मनासारखी उतरली नाही बाई.’

काकू म्हणाली, “मागत होती ती पोळी भिजवायला. पोळी कुणी केली ते बोला वन्सं. आरपार दिसत होतं पोळीतून.”

“आणि पोळीच्या पोटात काय होतं?” ही माझी आई. माझी आई, जी चारचौघांत तोंड उघडत नसे. तिनं दोन्ही हात पुढे केले. “पाच शेर पुरण वाटलंय पाट्यावर. हात बघा, हात. यंत्र मोडलं तर म्हटलं मोडू दे.”

तिघी एकमेकींवर चढत होत्या आणि हसत होत्या. एकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरीचं तयार. बाकीच्या ‘अगं बाई’, ‘वा गं वा’ करत ताटावर बोटं वाजवत होत्या. मग कोपऱ्यातून, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेली आजी म्हणाली, “तुम्हा दोघींना पारखून आणलं कुणी, आणि हिला जन्माला घातलं कुणी?”

खेळ खलास. काकूला हसता हसता ठसका लागला. मी मीठ घेऊन उभी.

त्या गाण्यातलं जन्म देणाऱ्या आम्हीच असं सांगणारं कडवं मी ट्रेनमध्ये पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा मला वाईची आजी दिसली, आणि मी हसले ते भाचीला कळेना. रॅपवाले गोल करून उभे राहतात आणि आळीपाळीनं आपलं कडवं टाकतात, त्याला ते सायफर म्हणतात असं तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही त्याला तिसरी पंगत म्हणायचो.

आणि पिंगा तरी दुसरं काय असतं? मंगळागौरीच्या रात्री दोन बाजू करायच्या, एकीनं आपल्या लेकीचे गोडवे गायचे, दुसरीच्या सुनेला नावं ठेवायची, दुसरीनं ते उलटून परत करायचं, आणि ताल सोडायचा नाही. पहाटेपर्यंत. सकाळी त्याच दोघी एकमेकींना ‘तुम्ही बसा, मी करते’ म्हणत चहा टाकणार. बढाईला परवानगी होती, पण रात्रीपुरती, दार लावून, देवीच्या निमित्तानं.

त्या रॅपवाल्या पोरींनी दार उघडं टाकलं, हा फरक.

दार त्यांच्यासाठीही उघडं नव्हतंच. हिपहॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका पार्टीत झाला असं मानतात. सेजविक अॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीतला सामायिक हॉल. रेकॉर्ड लावणारा डीजे कूल हर्क, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण पार्टी ठरवली, हॉल घेतला, हातानं चिठ्ठ्या लिहून वाटल्या त्या त्याच्या बहिणीनं, सिंडी कँपबेलनं. तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी पैसे जमवायचे होते. तिकीट मुलग्यांना ५० सेंट, मुलींना २५. अर्ध्या तिकिटाची मेहेरबानी तिथेही होतीच, फक्त इथे ती देणारीही एक मुलगीच. ज्या कलेत पुढे पुरुषांनी ‘मी, मी’ करून आकाश दणाणून सोडलं, तिची पहिली जमवाजमव एका मुलीनं केली. करण्यात आली, म्हणायचं.

आणि रॉक्सॅन शांते. क्वीन्सब्रिजच्या सरकारी घरांच्या वस्तीतली चौदा वर्षांची मुलगी. १९८४ साली मुलांच्या एका गटाचं गाणं गाजत होतं, आपल्याला भाव न देणाऱ्या एका रॉक्सॅनबद्दल तक्रार करणारं. सांगतात की ही पोरगी कपडे धुवायला निघाली होती, वस्तीतल्याच मार्ली मार्लनं तिला वर बोलावलं, तिनं त्या रॉक्सॅनच्या वतीनं उत्तर दिलं, जागच्या जागी रचून, एका दमात. आणि मग कपडे धुवायला गेली. ते उत्तर इतकं चाललं की त्याला उत्तर, मग त्या उत्तराला उत्तर, अशा डझनावारी रेकॉर्डी निघाल्या. पुढच्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेत ती अंतिम फेरीपर्यंत गेली आणि बिझी बी नावाच्या नावाजलेल्या रॅपरकडून हरली. एका परीक्षकानं आपल्याला मुद्दाम कमी गुण टाकले, कारण या नव्या कलेची अव्वल कलाकार म्हणून एक शाळकरी पोर पुढे येणं त्याला परवडणारं नव्हतं, असं ती पुढे सांगत आली. मला त्या गुणांपेक्षा ते कपडे जास्त आठवतात. ओले, पिळलेले, वाळत घातलेले. जग बदलणारं काहीतरी करून आल्यावरही ते राहिलेले असतातच.

तर हे असं असताना बाई एकटी बढाई मारायला उभी राहिली की दोनच गोष्टी व्हायच्या. एक तर ती हसण्यावारी जायची, नाही तर तिला ‘ती एक’ करून ठेवलं जायचं. सगळ्या पोरांच्या टोळीत एक पोरगी. कंपन्यांना एका वेळी एक पुरायची. दुसरी आली की आधी पहिलीशी तिची झुंज लावायची. तिघींच्या बाकावर चौथी बसते हे ज्यांनी कधी पाहिलेलंच नाही अशा लोकांचा हा कारभार. म्हणून मला ‘लेडीज फर्स्ट’मधली सगळ्यात मोठी बढाई शब्दांत दिसत नाही, दोघींच्या मधल्या सांध्यात दिसते. एक बोलता बोलता थांबते आणि दुसरी, आता माझी पाळी, म्हणत दार ढकलून आत येते. पहिली बाजूला सरते. मधेच एकीनं विचारायचं आणि दुसरीनं एका शब्दात होकार भरायचा, असंही होतं. राणी म्हणवणारीनं आपल्या पहिल्याच अल्बममध्ये, आपल्या सगळ्यात जोरकस गाण्यात, परदेशातून आलेल्या दुसऱ्या मुलीला अर्धी गादी दिली. सरकून बसली.

मराठीत हे लिहिताना एक गंमत हाताला लागली. मीपण लिहिताना मध्ये जरा जागा सुटली की त्याचं मी पण होतं. पहिल्यात दुसऱ्या कुणाला शिरकाव नाही. दुसरं कुणीतरी आधी बोलल्याशिवाय म्हणताच येत नाही.

१९९७ मध्ये लिल किमनं हेच पाच जणींचं केलं. ‘नॉट टुनाइट’ या तिच्या गाण्याचं नवं रूप, लोक त्याला ‘लेडीज नाइट’ म्हणतात. किम ब्रुकलिनची, द ब्रॅट शिकागोची, टीएलसी या गटातली लेफ्ट आय, मिसी एलियट, आणि रेडिओवर बोलणारी अँजी मार्टिनेझ. एकेकीचं एकेक कडवं, प्रत्येकीची चाल निराळी. हे गाणं अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ऐकायला नुसता दंगा आहे, धमाल आहे. पण तारखा शेजारी ठेवल्या की दंग्याचा आवाज बदलतो. ज्यानं किमला पुढे आणलं, जो तिचा गुरूही होता आणि प्रियकरही, तो नोटोरियस बी.आय.जी. त्याच वर्षी ९ मार्चला गोळ्या लागून मेला होता. काही महिन्यांत हे गाणं आलं. चौघींना दोन्ही बाजूंना घेऊन ती उभी आहे आणि म्हणतेय, आमच्यासारखं कुणी नाही. मी ते ऐकते तेव्हा मला सुतकात घर भरून टाकणाऱ्या बायका आठवतात. मोठ्यानं बोलणाऱ्या, उगाच हसवणाऱ्या, ताटं वाढणाऱ्या.

लेफ्ट आय पाच वर्षांनी होंडुरासमध्ये मोटारीच्या अपघातात गेली, तिशीच्या आत-बाहेर. रेकॉर्डवर ती अजून म्हणतेच आहे की माझ्यासारखी मीच. आणि मिसी एलियट, जिचा पहिला अल्बम त्याच उन्हाळ्यात यायचा होता, ती २०२३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेली. रॅप करणाऱ्यांतली पहिली बाई. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं लतीफाचा तो पहिला अल्बम, ‘ऑल हेल द क्वीन’, जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला. बाई-रॅपरचं तिथे गेलेलं ते पहिलंच काम. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी मारलेली बढाई तेहतीस-चौतीस वर्षांनी सरकारदरबारी दाखल झाली.

सगळंच मला आवडतं असं नाही. भाचीनं पुढे जी नवी गाणी ऐकवली त्यात गाड्या, पर्सा, घड्याळं यांची यादी सुरू झाली की माझं लक्ष उडतं. लग्नात बाही मागे सारून पाटल्या दाखवणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियन यांचं २०२० मधलं ते गाजलेलं गाणं, ज्यावरून तिकडचे पुढारीही चवताळले, ते मी हेडफोन लावून एकदा ऐकलं आणि जेवणाच्या टेबलावर काही लावणार नाही. पण पुरुष हेच सगळं चाळीस वर्षं म्हणत होते तेव्हा पुढाऱ्यांचे कान इतके हळवे नव्हते, हेही खरं. आणि बैठकीच्या लावणीला मान डोलावणाऱ्या आपण तरी नाकं का मुरडावी. मेगनचं बियॉन्सेबरोबरचं ‘सॅव्हेज’ मला जास्त भावतं. दोघी एकाच गावच्या, ह्यूस्टनच्या. मेगनची आई स्वतः रॅप करायची, लहानग्या मेगनला घेऊन रेकॉर्डिंगला जायची. २०१९ च्या मार्चमध्ये ती गेली. पुढच्या वर्षी हे गाणं आलं, २०२१ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. आईचं नाव कुणाला माहीत नव्हतं. लेकीनं ‘मी’ म्हटलं तेव्हा त्यात तिचाही थोडा आवाज असणार.

आता तर हे आपल्या अंगणात आलंय. मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ नावाचा मुलींचा गट आहे, सगळ्या मुलीच, आणि त्या मराठी, हिंदी, तमिळ, कन्नड, इंग्रजी, जिला जी भाषा घरची तिच्यात रॅप करतात. एकीनं कन्नडमध्ये टाकलं की दुसरी मराठीत उचलते. आपल्या लोकलच्या डब्यात असंच बोलतात. त्यांच्या एका गाण्याचं नावच ‘राजा बेटा’ आहे. नाव ऐकूनच मला वाईची पहिली पंगत दिसली, पाटावर बसलेली, तूप मागणारी.

फॉर्म मी शेवटी भरला. ‘मी’ नऊ ठिकाणी आला, चार खोडले, पाच राहिले. त्यातल्या एका वाक्यात शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचं नाव घातलं, कारण थकीत फायलींतल्या निम्म्या तिनं उपसल्या होत्या. तिनं ते स्वतःच्या फॉर्ममध्ये लिहिलं असेल का, याची मला दाट शंका आहे.

मग रात्री आत्याला फोन केला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, आमटी आता सून करते. मी तिला तिसऱ्या पंगतीची आठवण दिली. कटाला माझा हात लागलाय म्हणाली होतीस, मी मीठ घेऊन उभी होते, सगळं सांगितलं.

“मी? असं म्हणाले?” ती म्हणाली. “छे गं. काहीतरीच तुझं. मी कशाला असं म्हणेन?”

मी गप्प राहिले. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो कुणीतरी कमी केला. तिनंच केला असावा.

“पण तीन वेळा मागितली होती त्यांनी,” आत्या म्हणाली. “तीन वेळा. आणि पुरण तुझ्या आईचं होतं हो, ते विसरू नकोस.”